किनाऱ्यावर चकमकीच्या दगडाचं हत्यार सापडलं? वय सांगण्याआधी या चुका टाळा

फेरफटका मारताना पायाशी धारदार दगड दिसतो, तो खिशात जातो. घरी मोबाईलवर चार फोटो चाळून होतात आणि रात्री घोषणा: 'निअँडरथलचं हत्यार!' अहो, आधी ते हत्यार तरी आहे का बघा. लाटांच्या आपटण्यानेही चकमकीचे टवके उडतात. मार बसल्याजागी खाली एक फुगवटा आणि ओळीने, एकाच बेताने उडवलेले टवके दिसले तर पुढे बोलू.

'कार्बन डेटिंग करू का?' हे ऐकून माझे कान किटलेत. चकमक म्हणजे सिलिका, त्यात या चाचणीला लागणारा सेंद्रिय कार्बनच नसतो. नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर २०१६ मध्ये मिळालेल्या एका छिलक्याचं (ठोकून उडवलेल्या टवक्याचं) वय सुमारे ५०,००० वर्षं निघालं, ते त्याला चिकटलेल्या, बर्च झाडाच्या सालीपासून केलेल्या डांबरावरून. म्हणून असं चिकटलेलं काही घासून काढायला टूथब्रश आणि व्हिनेगर घेऊन बसू नका. मी साध्या पाण्यात बुडवतो, सावलीत वाळवतो, बस्स.

थर्मोल्युमिनेसन्सचं, म्हणजे दगड तापवून त्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून वय मोजण्याचं, नाव काढणारेही भेटतात. ती चाचणी फक्त आगीत चांगल्या तापलेल्या चकमकीची होते, तिच्यासाठी नमुना फोडावा लागतो आणि तो ज्या मातीत पडून होता तिचं किरणोत्सर्गाचं मोजमापही लागतं. ती माती लाटांनी केव्हाच नेलेली असते.

आता माझी लाडकी चूक: रंग आणि झीज पाहून वय ठरवणं. लोहयुक्त पाण्यात चकमक तपकिरी होते, खडूच्या मातीत दुधाळ पांढरी. हा त्या मातीचा हिशेब आहे, वर्षांचा नव्हे. झिजेचंही तेच. गोट्यांच्या किनाऱ्यावर थोड्या काळातही धार बोथट होते.

हे मी ऐटीत सांगतोय, पण तोंडावर आपटून शिकलोय. मला एकदा मधाच्या रंगाचा, जवळपास चौकोनी, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा तुकडा मिळाला. कडा गुळगुळीत, म्हणजे हजारो वर्षं लाटांत लोळला असणार! डबीवर चिठ्ठी लावली, 'मध्याश्मयुगीन तासणी', आणि तीन महिने येईल त्याला दाखवली. एका जाणत्या बाईंनी तो दोन बोटांत धरला, एक बाजू उतरती आणि पाठ नीट छाटलेली दाखवली, आणि म्हणाल्या, "ही बंदुकीची चकमक. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात बसवायची." फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने उडणाऱ्या, बंदुका सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या. चिठ्ठी अजून तशीच ठेवली आहे, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून.

दगड स्थानिकच असेल असंही धरू नका. जहाजं भार म्हणून चकमक भरून नेत आणि दूरच्या बंदरांत टाकून देत.

आकारावरून काळ सांगता येतो, पण ढोबळच. घासून गुळगुळीत केलेली कुऱ्हाड बहुधा नवाश्मयुगातली. साधा छिलका मात्र कुठल्याही काळातला असू शकतो, अगदी गेल्या रविवारी कुणी हौसेने ठोकलेलासुद्धा. तिथे 'प्रागैतिहासिक, बहुधा' एवढंच लिहायला ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनी नाणी गोळा करावीत, त्यांच्यावर साल छापलेलं असतं.

आणि दगड मातीच्या थरात रुतलेला दिसला तर उपटू नका! इंग्लंडमधल्या हॅपिसबर्गच्या किनाऱ्यावर २००० साली एक हातकुऱ्हाड काळसर चिखलात रुतलेली मिळाली. तिचा काळ सुमारे ५ लाख वर्षांमागे नेता आला तो त्या थरामुळे. आधी फोटो, जागेची नोंद, मग जवळच्या संग्रहालयाला फोन. भरती चढत असेल तर फोन आधी.