जोखीम जास्त, तरी तपासणीला टाळाटाळ? समजावताना या चुका टाळा

घरात कॅन्सर होऊन गेलाय, सिरॉसिस (यकृत निबर होण्याचा आजार) आहे किंवा वर्षानुवर्षं सिगारेट ओढली आहे, अशी माणसं कॅन्सरच्या तपासणीला आली नाहीत की आपण त्यांना बेफिकीर ठरवून मोकळे होतो. पण त्यातली कितीतरी माणसं धास्तावलेली असतात. म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्यांना आणखी घाबरवणं. "आला नाहीत तर पस्तावाल" असं ऐकलेला माणूस पुढच्या वेळी फोनही उचलत नाही. त्यापेक्षा विचारा, "धास्ती कशाची वाटते, रिपोर्टची की तपासणीची?" रिपोर्टची असेल तर सांगा, मॅमोग्राफीनंतर (स्तनांच्या एक्स-रेनंतर) पुन्हा बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर निघत नाही. तपासणीची असेल तर ती कशी होते ते आधीच नीट सांगा. कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याचा, खरा वैताग आदल्या दिवशीचा असतो: पोट साफ करायचं औषध आणि सारखं शौचाला पळणं. हे माहीत असलं की माणूस रजा टाकून तयारीने येतो. ऐनवेळी कळलं तर पुढच्या खेपेला तोंड फिरवतो.

"अधूनमधून तपासत जा" हा सल्लाही बिनकामाचा. सिरॉसिस असेल तर यकृताची सोनोग्राफी दर 6 महिन्यांनी लागते. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या (म्हणजे स्तनांच्या कॅन्सरचा धोका जास्त असलेल्या) स्त्रीला साधारण 25 व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय सुचवतात. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर कोलोनोस्कोपी 40 व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. डॉक्टरांनी ठरवलेली पुढची तारीख रुग्ण खुर्चीवरून उठायच्या आत कागदावर लिहून त्याच्या हातात द्या.

घरातल्या आजारांची चौकशी करताना वडिलांकडची आत्या, आजी हमखास राहून जातात. बीआरसीएचा दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो.

शौच तपासणीत रक्त आढळलं की "मूळव्याध असेल, परत करून बघू" म्हणणारे भेटतात. ही चूक अजिबात करू देऊ नका. तिथे पुढची पायरी कोलोनोस्कोपीच.

आणि मागचा रिपोर्ट नॉर्मल असला, तरी मधल्या काळात गाठ लागली, रक्त गेलं किंवा वजन उगाच उतरलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. हे त्याच कागदावर, तारखेच्या खाली लिहा.