कॅमेऱ्याने विधेयक मंजूर केले

इटालियन शिकायला लागून वर्षही झाले नव्हते, तेव्हाच मी भाषांतराची कामे घेऊ लागले. एका बातमीत वाक्य होते, ‘ला कामेरा’ने विधेयक मंजूर केले. मी बेधडक लिहिले, ‘कॅमेऱ्याने विधेयक मंजूर केले’. वाक्य जरा चमत्कारिक वाटत होते, पण म्हटले, असेल काहीतरी यंत्राने मतमोजणी वगैरे. काम तपासणाऱ्या ताईंनी त्याखाली लाल रेघ ओढून एकच शब्द लिहिला : ‘खोली’.

इटालियनमध्ये कामेरा म्हणजे खोली. हॉटेलात मागतात ती, आणि खासदार बसतात तीसुद्धा. इटलीच्या संसदेचे ४०० सदस्यांचे कनिष्ठ सभागृह म्हणजे ‘कामेरा देई देपुताती’. त्या लाल रेघेपासून मी या शब्दाच्या मागे लागले, आणि व्युत्पत्तीचा जो काही अभ्यास झाला तो त्याच्यामुळेच. नव्याने या वाटेला येणाऱ्यांना म्हणूनच सांगते, पन्नास शब्द गोळा करत बसू नका, एकच धरा आणि त्याचा पिच्छा पुरवा.

माझी पहिली फजिती लगेचच झाली. लॅटिन ‘कामेरा’ ग्रीक ‘कामारा’वरून आला आणि त्याचा अर्थ कमानदार छत, हे वाचल्यावर मी थेट ‘कमान’वर उडी मारली. ध्वनी जुळतोय, अर्थ जुळतोय, आणखी काय हवे? पण कमान फारसीतून आलेली, तिथे ती धनुष्य. आणि ‘न’चा ‘र’ कोणत्या नियमाने झाला हे मला दाखवता येईना. नियम दाखवता येत नसेल तर नोंद खोडायची. हे पथ्य पहिल्या दिवसापासून पाळा, नाहीतर सगळे जग संस्कृतातून निघाले असे वाटू लागते.

नियम म्हणजे काय, ते फ्रेंचने शिकवले. फ्रेंचमध्ये कामेराचा ‘शांब्र’ झाला. पहिल्यांदा अजिबात पटत नाही. पण लॅटिनमधल्या ‘का’चा फ्रेंचमध्ये ‘श’ होणे हे नेहमीचेच : ‘कान्तारे’ म्हणजे गाणे, त्याचे ‘शांते’, ‘काबाल्लुस’ म्हणजे घोडा, त्याचा ‘शव्हाल’. मग उरतो तो ‘ब’. मधला स्वर गळून ‘म’ आणि ‘र’ एकमेकांना भिडले, की तोंड ‘म’वरून ‘र’वर जाताना वाटेत आपोआप ‘ब’ उमटतो. लॅटिन ‘नुमेरुस’चे फ्रेंच ‘नोंब्र’ तसेच झाले. हे वहीत उतरवताना मी थबकले. आम्र आणि आंबा! ताम्र आणि तांबे! तोच ‘म्र’, तोच मध्ये शिरलेला ‘ब’. शांब्र आणि आंबा नात्यातले नाहीत, पण दोन्हीकडे जीभ तीच खोडी करते. त्या दिवसापासून हा विषय मला परका वाटला नाही.

अर्थांचा प्रवास त्यामानाने सोपा, आणि जास्त गमतीचा. जर्मन ‘कामर’ म्हणजे लहान खोली, कोठी. व्यापारी मंडळाच्या नावातही तोच शब्द. रशियन ‘कामेरा’ तुरुंगाची कोठडी, आणि रेल्वे स्टेशनवर सामान ठेवायची जागाही. स्पॅनिशमध्ये एका खोलीत राहणाऱ्यांची टोळी ती ‘कामारादा’. पुढे टोळीतल्या एकालाच कामारादा म्हणू लागले. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि आपल्या गिरणगावात पोचला तो कॉम्रेड होऊन. कॉम्रेड डांगे म्हणताना मूळ अर्थाने आपण ‘खोलीवाले डांगे’ म्हणतो. चाळीतल्या माणसाला हे सांगा, तो हसणारही नाही, मान डोलावेल.

खोलीचे यंत्र कसे झाले? खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये ‘कामेरा ऑब्स्कुरा’ हा शब्दप्रयोग केला, अंधारी खोली. भिंतीतल्या बारीक छिद्रातून बाहेरचे दृश्य आत उलटे पडते, ती. पुढे खोलीची पेटी झाली, १८३९ नंतर पेटीतून छायाचित्रे निघू लागली, ‘अंधारी’ गळून गेले आणि नुसती खोली उरली.

आपल्याकडे हा शब्द दोनदा आला. पोर्तुगिजांच्या ‘कामारा’चा कमरा झाला, आणि इंग्रजांबरोबर कॅमेरा आला. एका कमऱ्यात कॅमेरा ठेवला की एकच शब्द दोनदा ठेवल्यासारखे आहे. अशा जोड्या मुद्दाम शोधा, त्यांच्यातून शब्द कोणत्या वाटेने आणि कधी आला ते कळते. जर्मनमध्येही जुना ‘कामर’ आणि नवा ‘कामेरा’ असे दोन्ही नांदतात.

एक गोष्ट अजून माझ्या वहीत अडून बसली आहे. न्यायालयातली ‘इन कॅमेरा’ सुनावणी म्हणजे खोलीच्या आत, बंद दाराआड. छायाचित्रणाशी तिचा संबंध नाही. पण मराठी बातम्यांत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ लिहितात, तेव्हा त्यांना चित्रीकरणच अभिप्रेत असते. आधी मी ते ‘चूक’ या रकान्यात टाकले होते. गेल्या महिन्यात तिथून काढून ‘मराठी’ या रकान्यात लिहिले.