जुन्या सुती साड्या टाकू नका, वाकळ शिवा

सांगलीकडं आम्ही गोधडीला वाकळ म्हणतो, आणि दुकानातलं महागाचं ब्लँकेट घ्यायच्या आधी एकदा कपाट उघडून बघा. विटलेल्या सुती साड्या भांडीवालीला देऊ नका, दोन साड्यांत एका माणसाची वाकळ होते.

साडी साधारण साडेपाच मीटर असते, तिची तीन पदरी घडी घातली की १.८ मीटर लांबी मिळते, दुसरीची पण तशीच घडी तिच्यावर अंथरायची. आधी दोन्ही गरम पाण्यातनं धुवून घ्या, म्हणजे खळ निघते आणि जे आटायचं ते आधीच आटतं, नाहीतर शिवल्यावर सगळी वाकळ चुरगळून बसते. साडीचा विरलेला भाग घडीत आत, धड असलेला बाहेर. सिंथेटिक साडी चुकूनसुद्धा मिसळू नका, घाम शोषत नाही.

जाड सुती दोऱ्यानं कडेपासनं सुरुवात करून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं, टाके बोटभर अंतरावर. दुपारी तासभर दिला तरी हळूहळू होते, घाई नको. फाटके काठ कापले असतील तर त्याचे पिशवीला बंद होतात आणि माझ्या मते बाजारातल्या बंदापेक्षा ते जास्त टिकतात.