वाळीत टाकल्याची तक्रार करताना या चुका टाळा

गावकीने किंवा जातपंचायतीने एखादे घर वाळीत टाकले की त्या घराशी कोणी भांडत नाही. फक्त बोलणे थांबते. शिमग्यात पालखी शेजारच्या अंगणातून निघते आणि हे एक अंगण वगळून पुढच्या घरी जाते, गिरणीतून दळणाचा डबा तसाच परत येतो, घरात मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. समाजाचा हा धाक कागदाशिवाय चालतो. कायद्याला मात्र तारीख, ठिकाण, नाव आणि साक्षीदार लागतात. तक्रारी लंगड्या पडतात त्या बहुधा इथेच.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘आम्हाला गावाने वाळीत टाकले आहे’ एवढ्या एका वाक्यावर अर्ज संपवणे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम २०१६ चा असून तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात बहिष्कार म्हणजे नेमक्या कोणत्या कृती, हे सांगितले आहे: लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्यात सहभागी होऊ न देणे, व्यवहार तोडणे, समाजमंदिर किंवा स्मशानभूमी वापरू न देणे, इतकेच काय, विशिष्ट पोशाखाची सक्ती करणेसुद्धा. म्हणून अर्जात प्रत्येक घटना वेगळी लिहावी. ‘अमुक तारखेला सकाळी मी दुकानात साखर मागितली, दुकानदार म्हणाला, तुम्हाला माल दिला तर मला दंड बसेल, त्या वेळी अमुक व्यक्ती तेथे उभी होती’, असे लिहिले तर पोलिसांना तपासाचे टोक सापडते.

याच उदाहरणात दुसरी चूक दडलेली आहे. संतापाच्या भरात लोक त्या दुकानदारासह पन्नास-साठ गावकऱ्यांची नावे आरोपी म्हणून देतात. दुकानदार स्वतः दंडाच्या भीतीखाली असतो आणि बैठकीत निर्णय कोणी जाहीर केला, हे त्यालाच ठाऊक असते. त्याला आरोपी केले की तो साक्षीदार कायमचा गेला. बैठक कोणी बोलावली, ठराव कोणी मांडला, दंड कोणी ठरवला, ही नावे आधी नक्की करावीत. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात; इतक्या गंभीर आरोपात हात सैल सोडून नावे लिहू नयेत.

पंचांनी लावलेला दंड भरून ‘समाजात परत’ येण्याचा मोह मी समजू शकतो, कारण मुलीचे लग्न तोंडावर असलेल्या बापाला कोर्टाची तारीख परवडत नाही. तरीही दंड भरू नये. भरला असेलच, तर लाजेपोटी पावती फाडून टाकू नये. पंचांच्या वहीतील नोंद, रक्कम कोणाच्या हाती दिली ते, निरोपाचा मोबाईलवरील संदेश, हे सारे जपून ठेवावे; हाच पुढे सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

‘हा तुमच्या समाजाचा अंतर्गत मामला आहे’ असे ऐकून ठाण्यातून परत फिरणे, ही चूक तर सर्रास होते. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो थेट नोंदवून तपास करता येतो. ठाण्यात नोंद होत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. तंटामुक्त समितीत मिटवा, असा सल्ला मिळाला तरी ती समिती कोणावर सक्ती करू शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

कायद्याची निवडही चुकते. पीडित अनुसूचित जाती-जमातीचे आणि बहिष्कार टाकणारे त्याबाहेरचे असतील, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमेही लावण्याची मागणी करावी. सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. स्वतःच्याच जातीच्या पंचांनी वाळीत टाकले असेल तर मात्र २०१६ चाच कायदा उपयोगी पडतो.

गुन्हा नोंदला की गाव दुसऱ्या दिवशी बोलू लागेल, ही अपेक्षाही ठेवू नये. बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, ही मागणी डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या सुमारास गोलमेज परिषदेच्या काळात केली होती. महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा यायला त्यानंतर आठ दशकांहून अधिक काळ गेला. कायदा पंचांचा हात धरू शकतो, शेजाऱ्याला बोलते करू शकत नाही. वैदू या भटक्या समाजाने आपली जातपंचायत स्वतःहून बरखास्त केली, कारण ती नको असे आतूनच वाटू लागले होते. म्हणून खटला चालू असतानाही जे एक-दोन नातलग रात्री चोरून भेटायला येतात, त्यांना तोडू नये आणि त्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय अर्जात घालू नयेत. तडजोडीचा निरोप आलाच, तर ती पंचांच्या ओट्यावर बसून करू नये. वकिलाला सोबत घेऊन न्यायालयासमोरच करावी आणि घेतलेला दंड परत मिळण्याची अट तीत लिहून घ्यावी.