घरात कुत्रं आणताय? या चुका टाळा (निदान नागपुरात तरी)

मे महिन्यात दुपारी माझा फोन वाजला की उचलायच्या आधीच मी आमच्या ह्यांना सांगते, "हस्की असेल, नाहीतर पग." बहुतेक वेळा तसंच निघतं. "काकू, बघा ना, नुसता हाफून राहिला, जेवूनच नाही राहिला." मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं घरात कुत्री आहेत, त्यातलं एकच विकत आणलेलं, बाकीची रस्त्यावरून आपणहून आलेली, आणि प्रतापनगरात मला 'कुत्र्यांच्या काकू' म्हणतात, एवढीच माझी पदवी. पण तेच ते ऐकून कान किटले. म्हणून एकदाचं लिहून काढते.

फोटो बघून जात ठरवणं

निळे डोळे बघून हस्की, सुरकुत्या बघून पग, सिनेमातला बघून सेंट बर्नार्ड. अरे, पण जात म्हणजे नुसता रंग आणि केस असतात का? कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या एका कामासाठी निवडून निवडून ते जनावर तसं घडवलेलं असतं. हस्की सैबेरियातल्या चुकची लोकांचा, बर्फावर मैलोन्‌मैल गाडी ओढणारा. सेंट बर्नार्ड आल्प्सच्या खिंडीतल्या मठातला. डॅक्सहुंड जर्मनीतला, बिळात शिरून बॅजरला हुसकणारा. त्याला जिने चढ-उतार करायला लावलं, सोफ्यावरून उड्या मारू दिल्या की लांब पाठीच्या मणक्यात चकती सरकू शकते. लॅब्रॅडॉर पाण्यात पडलेली शिकार उचलून आणणारा आणि जन्मजात भुकेला. 'आत्ताच खाल्लंय' हे त्यांच्यातल्या पुष्कळांना कळतच नाही, आणि यामागे एका जनुकाचा हात असल्याचं २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलंय. तरी घरोघरी लॅब पिंपासारखे झालेत आणि मालक सांगतात, "काकू, त्याची हाडंच जाड आहेत."

'पॉम' म्हणून आपल्याकडे जे पांढरं, टोकदार नाकाचं कुत्रं घरोघरी होतं, ते बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसतंच, इंडियन स्पिट्झ असतं. खरं पॉमेरेनियन दोन-तीन किलोचं. यात काही वाईट नाही, उलट स्पिट्झ आपल्या हवेत बऱ्यापैकी रुळलाय. फक्त 'केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर आहेत' म्हणून त्याचे चौपट पैसे मोजू नका.

देशीच हवा म्हणून मुधोळ आणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, २००५ साली टपाल खात्यानं ज्या चार भारतीय जातींची तिकिटं काढली त्यात तोही होता. पण तो माळरानावर सशामागे धावणारा प्राणी आहे. त्याला दोन बीएचकेच्या गॅलरीत उभा करून 'आत्मनिर्भर' म्हणवून घेऊ नका. मला विचाराल तर गल्लीतलं गावठी पिल्लू घ्या. आखूड केस, लांब नाक, आणि आपल्या उन्हाची पिढ्यांची सवय. पण ते 'बिनखर्चाचं' म्हणून घेणार असाल तर त्याला गल्लीतच राहू द्या, तिथे ते जास्त सुखात आहे.

कुत्र्याचा कूलर कसा चालतो हे माहीत नसणं

यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ही चूक माझी स्वतःची आहे.

नागपूरकराला कूलर समजावून सांगायची गरज नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी, बाहेरची कोरडी हवा आत, आणि समोरची खिडकी उघडी. खिडकी लावली की खोलीत नुसती दमट वाफ. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की तोच कूलर कुचकामी, सगळे चिपचिपत बसतात. कुत्र्याची जीभ म्हणजे हाच कूलर आहे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तो नावापुरता. तो हाफतो, जिभेवरची आणि तोंडातली ओल वाळते, त्यानं तो गार होतो. म्हणजे हवा कोरडी आणि वाहती हवी. आणि पग, बुलडॉग, शिह त्झू यांचं नाकच चेपलेलं, त्यामुळे हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही. पंपच बारीक.

आमचा लाडू पग होता. मोबाइलच्या त्या जाहिरातीनंतर अख्ख्या शहराला पग हवा होता, तसा आम्हालाही. विकत आणलेलं एकुलतं एक कुत्रं ते हेच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, चालू होता, दिवसा पारा पंचेचाळीसच्या वर. मी शहाणी, दिवसभर त्याला घरात ठेवलं आणि सूर्य बुडाल्यावर, सात वाजता, धरमपेठेत ट्रॅफिक पार्ककडे फिरायला नेलं. ऊन नाही, मग भीती कसली? पण ऊन गेलं तरी रस्ता तापलेलाच असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे आता जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते, ते दिवसभराची धग रात्री नऊपर्यंत सोडत नाहीत. आपण चपला घालून साडेपाच फुटांवरून श्वास घेतो. लाडूचं नाक रस्त्यापासून वीतभर वर. परतताना तो दोनदा बसला. मी म्हटलं, आळशी झालाय, आणि पट्टा ओढला. ते ओढणं मला अजून आठवतं. तिसऱ्यांदा बसला तो उठला नाही. जीभ जांभळट, तोंडाला दाट चिकट लाळ, डोळे कुठेतरी भलतीकडे.

ह्यांनी ओला टॉवेल आणून त्याला बाळासारखा गुंडाळला आणि आम्ही ऑटोत बसलो. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो टॉवेल ओढून फेकला. "यात उकडून राहिला ना तो!" टॉवेल दोन मिनिटांत अंगाच्या तापमानाला येतो आणि मग गोधडीचं काम करतो. ताप होता १०६ फॅरनहाइट; कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ असतो. त्याला फरशीवर ठेवून अंगावर पाणी ओतलं, वरून टेबलफॅन. मग मला म्हणाले, "घरी नळ नव्हता का? आधी गार करायचा, मग गाडीत घालायचा." लाडू वाचला. पण पुढचे तीन दिवस रक्ताच्या तपासण्या झाल्या, कारण उष्माघातानं मूत्रपिंड, यकृत यांना झालेली इजा उशिरा दिसते. वरून बरा दिसला म्हणून घरी आणून गप्प बसायचं नसतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: एप्रिल-मे-जूनमध्ये सकाळी साडेपाचला फेरी, रात्री साडेनवानंतर दुसरी. बाहेर पडण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून मनात सात आकडे मोजायचे. टेकवत नसेल तर घरी परत. लोक बघतात, बघू दे. कूलर असलेल्या खोलीची समोरची खिडकी उघडी. गेल्या वर्षी एका घरी गेले, हस्कीला 'थंडाव्यासाठी' बंद खोलीत कूलर लावून ठेवला होता, दार लोटलेलं, खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली. आत मलाच गुदमरलं. त्यातून त्याचे केस मशीननं भादरून टाकलेले. दुहेरी केसांच्या कुत्र्याला भादरायचं नसतं. आतली मऊ लव विंचरून काढायची, वरचे केस त्याला उन्हापासून वाचवतात. आणि पाऊस सुरू झाला की सगळे बिनधास्त होतात. जूनचा तो कुंद, चिकट आठवडा चेपल्या नाकाच्या कुत्र्याला मेपेक्षाही जड जाऊ शकतो. कूलरचं आठवा.

"सूसूला नेऊन आणतो ना रोज"

ही तिसरी चूक. हिच्यावर माझा राग जास्त आहे, कारण इथे ऊनही नसतं दोष द्यायला.

मनीषनगरात सहाव्या मजल्यावरचं घर, दोघंही नोकरीवाले, बीगल दीड वर्षाचा. तक्रार: सोफा फाडला, चार्जर खाल्ले, शेजारी म्हणतात दिवसभर रडतो. ट्रेनर लावून झाला होता. ट्रेनरनं त्याला 'शेकहँड' शिकवला होता. मी त्यांना फक्त एक दिवस सांगायला लावला. सकाळी पावणेआठला खाली, आठ मिनिटं, पट्टा आखूड, कुठे नाक लावलं की "चल चल". मग नऊ ते साडेसहा एकटा. संध्याकाळी पुन्हा आठ मिनिटं.

बीगल हा टोळीत राहणारा, नाकानं जगणारा कुत्रा. त्याला टोळी नाही आणि नाक लावायला बंदी. मग तो सोफ्याचा माग काढतो. दोघं म्हणाले, "त्याला चूक कळते हो, आम्ही आलो की तोंड पाडतो." नाही कळत. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधिकेनं हेच तपासलं होतं: कुत्र्यानं आगळीक केली असो वा नसो, मालक रागावला की ते अपराधी तोंड येतं. ते तुमच्या चेहऱ्याला दिलेलं उत्तर आहे. संध्याकाळी साडेसहाला सकाळच्या चार्जरबद्दल ओरडलात तर त्याला एवढंच समजतं की घरी येणारा माणूस भीतिदायक असतो.

मी सांगितलं ते अगदी साधं. सकाळी अर्धा तास आधी उठा. दहा-बारा फुटांची दोरी घ्या, छातीचा पट्टा घाला, आणि तो नेईल तिकडे जा. एका खांबाला पाच मिनिटं हुंगला तर हुंगू द्या, त्याचा पेपर वाचून होतोय. जेवण ताटलीत द्यायचं नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळून, खोक्यात लपवून द्यायचं. आणि दुपारी कुणीतरी हवं. खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारा, म्हटलं. ते संकोचले. आजी मात्र वाटच बघत होत्या जणू. आता दुपारी दोन ते चार तो त्यांच्याकडे मालिका बघतो. तीन आठवड्यांनी फोन आला की रडणं थांबलंय. सोफा नवा घेऊ का, असंही विचारलं. म्हटलं, सहा महिने थांबा.

थांबणं कुणाला नको असतं. रविवारी कुत्रं आणायचं, पुढच्या रविवारी त्यानं जागेवर सूसू करायला हवी. चुकलं की नाक घासतात त्यात. अजून! २०२० नंतर जन्मलेली मुलं शाळेत जायला लागली आणि ही पद्धत काही मरत नाही. दर दोन तासांनी, झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर बाहेर न्या, जागेवर केलं की तिथेच तुकडा द्या. एवढंच, पण दोन-तीन महिने.

पिल्लू तीस दिवसांचं आणणं

"लहान आणलं की लळा लागतो." हे ब्रीडरचं वाक्य आहे, त्याचा दुधाचा खर्च वाचतो. कायद्यानंच आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, २०१७ पासून नियम आहे. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू आईजवळ आणि भावंडांत शिकतं. तिथून लवकर उचललेलं पिल्लू तुमच्या हातांवर शिकतं. त्यातून लशी झालेल्या नसतात. पार्वो नावाच्या विषाणूनं दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं, रक्ताची हगवण, वास विसरता येत नाही. सहा-आठ आठवड्यांना पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांपर्यंत, तीन महिन्यांना रेबीज. एक लस देऊन फुटाळा तलावावर मिरवायला नेऊ नका.

गोचीड फक्त कुत्र्यावर शोधणं

पावसाळ्यात घरोघरी आंघोळी सुरू होतात. कुणी रॉकेल चोळतं (कृपा करून नको, चाटतो तो), कुणी उदबत्तीचा चटका देतं. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरात राहते. रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत कात टाकते, परत चढते. मादी तिथेच हजारो अंडी घालते. म्हणजे कुत्रा धुतला आणि कूलरमागची भेग तशीच राहिली तर काम अर्धंही झालं नाही. मी दर महिन्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध चुकवत नाही, फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवते, आणि दिसलीच तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढते. कुत्रा मलूल, ताप, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी. गोचीडतापात प्लेटलेट घसरतात, 'उद्या बघू' चालत नाही.

बाकीच्या, एकेका ओळीत

साखळीनं फाटकाला बांधलेला कुत्रा राखण करत नाही, वैतागतो.

दिवाळीत गच्चीवर नव्हे, आतल्या खोलीत, पंखा आणि टीव्ही चालू.

आपली तापाची, अंगदुखीची गोळी अर्धी करून देणं बंद करा. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात.

द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण नाही. आणि हो, रविवारच्या सावजी मटणाचा उरलेला रस्साही नाही, पाण्यानं धुऊनसुद्धा नाही. शिजलेलं हाड तर मुळीच नाही, त्याचे टोकदार तुकडे होतात. आमच्या घरी एक पाहुणे दर वेळी टेबलाखालून हाड देतात आणि दर वेळी त्यांना वाटतं की ते मला दिसलेलं नाही. हल्ली मी त्यांना वाढायला बसवते आणि कुत्र्यांना मागच्या खोलीत.