माणच्या माळावर झाडं मोजायला निघालात तर

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी सातारा जिल्हा निवडला, कारण तिथे पाऊस कसा आटत जातो ते एसटीच्या खिडकीतून दिसतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. वाई, कोरेगाव मागे टाकून माण तालुक्यात शिरलं की तो पाचशेच्या आतबाहेर येतो. पाऊस कमी तशा झाडांच्या जाती कमी, एवढं सरळ गणित धरून मी दहिवडीच्या बाजूच्या माळांवर झाडं मोजायचे चौकोन आखायला लागले.

पहिल्या महिन्यात आकडेही तसेच आले. हिवर, बोर, एखादा कडुनिंब, संपलं. वहीत ‘पाऊस अपुरा’ असं लिहूनही टाकलं. मग त्याच टेकडीच्या पलीकडच्या अंगाला देवाच्या राखीव रानात गेले. पाऊस तोच, मुरूम तोच, आणि धावडा, मोई, मेडशिंगी, सालई, खैर एकमेकांना खेटून उभे! त्या दिवशी मी माळावर परत आले आणि गुडघे टेकून बघितलं. बोराच्या जाळीत मुठीएवढा जुना खुंट, त्यातून पेन्सिलीच्या जाडीचे सात फुटवे, शेंडे शेळ्यांनी सपाट खुडलेले. पान धावड्याचं. जवळच आकडी घेऊन डहाळे पाडणाऱ्या मेंढपाळ मामांना दाखवलं, तर ते म्हणाले, “हितं समदा धावडाच हुता की. गाडीचा आस, कुऱ्हाडीचा दांडा, समदं ह्यातनंच निघायचं.”

चूक माझ्या मोजणीतच होती. आपण छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, टेप लावतो आणि १० सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाचं खोड सोडून देतो. दाट जंगलात हे चालतं. तोडीच्या माळावर मात्र धावडा जमिनीत जिवंत असूनही तुमच्या तक्त्यात शून्य येतो. म्हणून मोठ्या चौकोनाच्या आत पाच बाय पाच मीटरचा लहान चौकोन आखा आणि त्यातले खुंट, फुटवे, रोपं सगळं मोजा. एका बुंध्याला अनेक खोडं असतील तर ते एकच झाड धरा. प्रत्येक खोडाचा व्यास घ्या, वर्गांची बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ काढा; तोच त्या झाडाचा एकत्रित व्यास.

उलटंही घडतं. समतल चरांवर लावलेलं गिरीपुष्प, ओढ्याने पसरलेली वेडी बाभूळ यांनी जातींचा आकडा फुगतो. लावलेली, बाहेरून आलेली आणि मूळची, असे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. नंतर वेगळे करताना मला फार त्रास झाला.

पावसाचा नुसता वार्षिक आकडाही पुरत नाही. माणला खरा जोर सप्टेंबरात, परतीच्या पावसाचा असतो. रोपं बघायची तर त्यानंतर जा. फेब्रुवारी-मार्चमध्येही एक फेरी हवीच. तेव्हा पानं नसतात, ओळख सालीवरून करावी लागते: सालईची साल कागदासारखी सुटते आणि चीक हाताला उदासारखा वास देतो, धावडा राखाडी गुळगुळीत, मेडशिंगीला वाकड्या शेंगा लोंबत असतात. शंका राहिली तर फांदी वर्तमानपत्रात दाबून पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या वनस्पतिसंग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघा. फांदीसोबत त्या खुंटाचा फोटोही ठेवा.