स्कूलीच्या डिझेल इंजिनाचे ऑइल स्वतः बदलताना

अमेरिका आणि कॅनडात शाळांनी निकाली काढलेली पिवळी बस विकत घेऊन तिचे फिरते घर करणारे बरेच जण आहेत आणि अशा बसला तिकडे ‘स्कूली’ म्हणतात. बसमध्ये पलंग, स्वयंपाकघर, सौर पॅनेल हे सगळे नवे येते; इंजिन मात्र वर्षानुवर्षे मुलांची ने-आण केलेले जुनेच राहते. ट्रकच्या वर्कशॉपमध्ये मजुरीचा दर तासाला शंभर डॉलरच्या वर सहज जातो आणि मोटारींची साधी गॅरेजे एवढी लांब गाडी आत घेतच नाहीत, त्यामुळे ऑइल बदलण्याचे काम बहुतेक मालक स्वतःच शिकून घेतात. काम अवघड नाही. मात्र मोटारीच्या सवयीने ते करायला गेले की पंचाईत होते, कारण इथे चार-पाच लिटर नव्हे, तर कित्येकदा पंचवीस लिटरहून अधिक ऑइल हाताळावे लागते.

या बसमध्ये प्रामुख्याने इंटरनॅशनल कंपनीची डीटी४६६ई आणि टी४४४ई, कमिन्सचे ५.९ लिटरचे आणि कॅटरपिलरचे ३१२६ ही इंजिने आढळतात. पुढचे विवेचन मुख्यतः डीटी४६६ई डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. हे सहा सिलिंडरांचे ७.६ लिटरचे इंजिन आहे. त्यात डिझेल फवारणारे इंजेक्टर इंजिन ऑइलच्याच दाबावर चालतात, म्हणजे ऑइल केवळ वंगण नसते, ते इंधनपुरवठ्याच्या यंत्रणेचा भाग असते. टी४४४ई आणि कॅट ३१२६ यांतही हीच रचना आहे. अशा इंजिनात ऑइलची पातळी फार उतरली किंवा ऑइल फेसाळू लागले, तर इंजिन नीट सुरू होत नाही, सुरू झालेच तर अडखळत चालते, आणि नवखा मालक दोष डिझेल पंपात शोधत बसतो. फेस रोखणारी रसायने वापराबरोबर क्षीण होत जातात, म्हणून या इंजिनांमध्ये ऑइल बदलण्याची मुदत लांबवणे विशेष महागात पडते. कमिन्सच्या जुन्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात इंजेक्शन पूर्णपणे यांत्रिक असल्यामुळे ते याबाबतीत अधिक सोशिक आहे.

ऑइल केव्हा बदलावे, याचा हिशेब स्कूलीत मैलांवर करता येत नाही. शाळेची बस रोज धावते. घर झालेली बस महिनोन्‌महिने एका जागी उभी असते. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ आणि आम्ले थोड्या प्रमाणात ऑइलमध्ये उतरतातच, आणि इंजिन दीर्घकाळ पूर्ण तापमानावर चालले तरच ती वाफ निघून जाते. म्हणून दर महिन्याला अंगणात दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची सवय उपकारक नाही, उलट अपायकारक आहे: इंजिन पुरते तापत नाही आणि प्रत्येक वेळी थोडे पाणी मात्र जमा होते. सुरू करायचेच तर बस रस्त्यावर काढून अर्धा-पाऊण तास चालवावी, नाही तर तिला स्वस्थ उभी राहू द्यावी. उभ्या बसचे इंजिन एअर कंडिशनरसाठी तासन्‌तास चालवणाऱ्यांनी एका तासाचे आयडलिंग म्हणजे साधारण २५ ते ३० मैलांचा प्रवास, असा ढोबळ हिशेब धरावा. निर्मात्याने सांगितलेले मैल पूर्ण होवोत वा न होवोत, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलावेच.

वर्षातला तो एक दिवस कोणता, यावर माझे मत ठाम आहे: बस हिवाळ्यासाठी उभी करण्याच्या आधीचा. बरेच जण वसंतात, पहिल्या प्रवासाच्या तोंडावर ऑइल बदलतात, कारण ताज्या ऑइलवर निघाल्याचे समाधान मिळते. परंतु वापरलेल्या ऑइलमधील आम्ले आणि ओलावा तोपर्यंत चार-पाच महिने बेअरिंगांना लागून राहिलेला असतो. शेवटच्या प्रवासाहून परतल्यावर, इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढून नवे भरले, तर हिवाळाभर इंजिनाच्या आत स्वच्छ ऑइलचा थर राहतो.

या जुन्या इंजिनांना एसएई १५डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या दाटपणाचा दर्जा), एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या सीके-४ प्रमाणाचे डिझेल इंजिन ऑइल चालते. शेल रोटेला, शेव्हरॉन डेलो, मोबिल डेल्व्हॅक यांपैकी कोणतेही घ्यावे. त्यांतल्या निवडीवर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. डब्यावरचे प्रमाण मात्र वाचून घ्यावे. डिसेंबर २०१६ मध्ये सीके-४ बरोबरच एफए-४ हे दुसरे प्रमाण बाजारात आले. ते इंधनबचतीसाठी मुद्दाम पातळ ठेवलेले ऑइल आहे आणि नव्या ट्रक इंजिनांसाठीच योजलेले आहे, म्हणून जुन्या बसमध्ये ते घालू नये. मिनेसोटासारख्या कडाक्याच्या थंडीच्या राज्यात हिवाळ्यातही बस चालवायची असेल, तर ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइलने इंजिन सुरू होणे सुकर होते. टेक्सास किंवा ॲरिझोनात राहणाऱ्याने, वर्षाला ऑइल बदलायचेच असताना, सिंथेटिकवर जादा पैसे घालण्याचे कारण नाही. ऑइलमध्ये वरून ओतायच्या ‘इंजिन रिस्टोअर’ छापाच्या बाटल्यांनाही हेच लागू आहे.

डीटी४६६ई मध्ये फिल्टरसह साधारण २८ ते ३० क्वार्ट, म्हणजे साडेसव्वीस ते साडेअठ्ठावीस लिटर ऑइल बसते. चार क्वार्टचा एक अमेरिकन गॅलन होतो, म्हणून पाच गॅलनची एक बादली आणि एक-एक गॅलनचे दोन-तीन डबे आणले की भागते. कमिन्स ५.९ ला याच्या निम्म्याच्या आसपास लागते. एकाच इंजिनाला वेगवेगळ्या बसमध्ये वेगवेगळे ऑइल चेंबर लावलेले असते, त्यामुळे आकडा कोणताही वाचलेला असो, अखेरचा शब्द डिपस्टिकचाच, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचाच मानावा. याशिवाय ड्रेन प्लगचे (जुने ऑइल सोडण्याच्या बुचाचे) नवे वॉशर, फिल्टर, पट्ट्याचा किंवा साखळीचा मोठा फिल्टर पाना, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, भरपूर फडकी, जमिनीवर अंथरायला ताडपत्री आणि तिच्यावर मोठा पुठ्ठा एवढे साहित्य लागते. जुने ऑइल धरण्यासाठी मोटारीचे उथळ पात्र घेऊ नये, ते अर्ध्या वाटेतच भरते आणि त्या वेळी वाहती धार थांबवण्याचा काही उपाय हाती नसतो. आठ गॅलनच्या पुढचे एकच पात्र असावे, किंवा दोन पात्रे शेजारी तयार ठेवून मदतीला दुसरे माणूस घ्यावे.

बसखाली शिरण्यापूर्वीची तयारी कंटाळवाणी असली, तरी ती टाळता येत नाही. बस सपाट आणि टणक जागेवर उभी करावी. उतारावर डिपस्टिक चुकीची पातळी दाखवते. एअर ब्रेक असलेल्या बसमध्ये डॅशबोर्डवरचे पिवळे बटण बाहेर ओढून पार्किंग ब्रेक लावावा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे द्यावेत आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. बस जमिनीपासून पुरेशी उंच असल्यामुळे बहुधा जॅक लावावाच लागत नाही, आणि ते उत्तमच. मात्र सस्पेन्शन हवेवर असेल, तर हवा उतरताच बसचा सांगाडा काही इंच खाली बसू शकतो. अशा बसच्या चासीखाली तिचे वजन पेलतील एवढ्या क्षमतेचे स्टँड दिल्याशिवाय अंग आत घालू नये.

घर बांधताना केलेल्या चुकाही इथेच कळतात. पुढे बॉनेट असलेल्या बसमध्ये इंजिनाला सगळीकडून हात पोहोचतो. सपाट तोंडाच्या आणि पुढे इंजिन असलेल्या बसमध्ये ते चालकाशेजारच्या झाकणाखाली असते आणि त्या झाकणावर कपाट ठोकलेले असले, तर आधी कपाट उचकटावे लागते. मागे इंजिन असलेल्या बसमध्ये पलंगाच्या फळीला उघडता येणारे झाकण ठेवावे. सांडपाण्याची टाकी किंवा बॅटरीची पेटी चासीखाली बसवण्यापूर्वी ड्रेन प्लग आणि फिल्टर कुठे आहेत, त्यांवर पाना फिरायला जागा उरते का आणि लांबट फिल्टर खाली ओढून निघेल का, हे बघून घ्यावे.

ऑइल काढण्याआधी बस वीस-पंचवीस मिनिटे चालवून आणावी. गरम ऑइल पातळ होऊन लवकर वाहते आणि तळाची काजळी सोबत घेऊन जाते. इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबावे, कारण पूर्ण तापलेल्या ऑइलने हात भाजतो. ऑइल भरण्याचे झाकण उघडून ठेवावे. मग प्लग पान्याने सैल करावा आणि शेवटचे आटे हाताने, प्लग वर दाबून धरत सोडवावेत, म्हणजे तो पात्रात पडत नाही. पहिली धार सरळ खाली न येता तिरपी, बरीच लांब उडते. पात्र त्या हिशेबाने सरकवावे. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा असेल, तर सुरुवातीचे ऑइल जाऊ द्यावे आणि धार मध्यावर असताना बाटली भरून घ्यावी.

ऑइल काळेकुट्ट दिसले म्हणून घाबरू नये. डिझेल इंजिनातले नवे ऑइलही काजळीमुळे थोड्याच मैलांत काळे होते. काळजीची लक्षणे निराळी आहेत. प्लग काढताच आधी पाणी आले किंवा ऑइलचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा असला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत शिरत आहे असे समजून इंजिन पुन्हा सुरू करू नये. डीटी४६६ई च्या सिलिंडरांच्या स्लीव्हना, म्हणजे आतल्या धातूच्या नळ्यांना, बाहेरून थेट कूलंट लागते आणि कूलंटमधील संरक्षक रसायन संपले, तर स्लीव्हला बारीक छिद्रे पडत जातात; म्हणून ऑइल बदलताना दरवर्षी चाचणीपट्टीने कूलंटही तपासावे. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास, हे इंधन ऑइलमध्ये गळत असल्याचे चिन्ह आहे. उलट, बाहेर कुठेही गळती नसताना ऑइल कमी होत असेल आणि डिझेल फिल्टर काळा निघत असेल, तर इंजेक्टरच्या ओ-रिंग (रबरी कड्या) बघाव्यात, कारण दाबाखालचे ऑइल तिथून डिझेलमध्ये मिसळते.

पंचवीस-तीस लिटर ऑइल निथळायला अर्धा तास सहज लागतो. तेवढ्या वेळात फिल्टर काढावा. तो निघाल्यावर जुने रबरी गॅस्केट त्याच्यासोबत आले की इंजिनालाच चिकटून राहिले, हे बोटाने चाचपून बघणे अत्यावश्यक आहे. एकावर एक दोन गॅस्केट बसली, तर इंजिन सुरू होताच ऑइल दाबाने बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला ताज्या ऑइलचे बोट फिरवावे, गॅस्केट टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि मग त्याच्यावर छापलेल्या सूचनेप्रमाणे, बहुधा पाऊण ते एक फेरा, घट्ट करावा. घट्ट करताना पाना वापरू नये. फिल्टर आधीच ऑइलने भरावा की नाही, याबाबत निर्मात्यांतच एकमत नाही: कमिन्स आपल्या ५.९ लिटरच्या इंजिनासाठी भरायला सांगते, कॅटरपिलर भरू नये असे सांगते. भरायचाच असेल, तर ऑइल कडेच्या बारीक छिद्रांतून ओतावे, मधल्या मोठ्या छिद्रातून नव्हे. मधल्या छिद्रात पडलेले ऑइल गाळले न जाता थेट बेअरिंगांकडे जाते.

प्लग पुसून, नवे वॉशर घालून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या जोरानेच) घट्ट करावा. ‘आणखी थोडा’ म्हणून जोर लावला की चेंबरचे आटे जातात. नंतर अपेक्षित मापापेक्षा तीन-चार क्वार्ट कमी ऑइल भरून काही मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक पाहत उरलेले थोडे थोडे घालावे. ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन सुरू करावे. ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या इंजेक्टरांच्या इंजिनाला पहिल्यांदा काही सेकंद अधिक लागू शकतात. सुरू झाल्यापासून पंधरा सेकंदांच्या आत दाबाचा काटा वर आला नाही, तर तत्काळ बंद करून कारण शोधावे. काटा वर आला, तर दोन-तीन मिनिटे आयडलवर चालवून प्लग आणि फिल्टरभोवती टॉर्चने गळती पाहावी, इंजिन बंद करावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पातळी पुन्हा बघावी. फिल्टर भरल्यामुळे ती उतरलेली असते. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये, कारण क्रँकशाफ्टने घुसळलेले ऑइल फेसाळते आणि या इंजिनांत फेसाचा परिणाम वर सांगितलाच आहे.

उरते जुने ऑइल. झाकणाच्या बादल्यांत ते भरून ठेवावे आणि त्यात कूलंट, ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल चुकूनही मिसळू देऊ नये, मिसळलेले ऑइल जुने ऑइल गोळा करणारी केंद्रे घेत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार एका ऑइल बदलातले जुने ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित करू शकते. ऑटोझोन, ओ’रायली यांसारख्या सुट्या भागांच्या दुकानांत ते बहुतेक ठिकाणी विनामूल्य घेतात, पण एका दिवशी किती गॅलन घेणार याला सहसा पाच गॅलनच्या आसपास मर्यादा असते, त्यामुळे डीटी४६६ई च्या मालकाला दोन खेपा कराव्या लागतात. फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू द्यावा आणि तोही तिथेच द्यावा.

ऑइलचा नमुना तपासून घेणे, विशेषतः बस नुकतीच विकत घेतलेली असेल तर, पैसे वसूल करून देणारे आहे. इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथील ब्लॅकस्टोन लॅबोरेटरीज यांसारख्या प्रयोगशाळा टपालाने आलेला नमुना तपासून त्यातील धातू आणि इतर मूलद्रव्यांचे प्रमाण कळवतात. सोडियम आणि पोटॅशियम वाढलेले असले तर कूलंट, सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरमधून शिरणारी धूळ, शिसे आणि तांबे वाढले तर बेअरिंग असा त्याचा अर्थ लावतात. नुकतेच कुठे सिलिकॉन सीलंट लावले असेल, तर त्यामुळेही सिलिकॉनचा आकडा वाढतो, हे ध्यानात ठेवावे. एकच अहवाल फारसे सांगत नाही. दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की चढउतार दिसतो. त्यासाठी प्रत्येक वेळी तारीख, मैल, इंजिनाचे तास असल्यास ते, ऑइलचा प्रकार, किती क्वार्ट बसले आणि फिल्टरचा क्रमांक एवढे वहीत लिहून ठेवावे, आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या किंवा इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी.